लोणच्याला एकच स्टार

ऑनलाइन दुकानावरचे गिऱ्हाइकांचे अभिप्राय तपासून वैजयंतीचं डोकं उठलं होतं. त्यात निवृत्त मुख्याध्यापक दिवेकरसरांचा फोन.

"माझा अभिप्राय काढायची हिंमत कशी झाली? उभा जन्म बोर्डाचे पेपर तपासण्यात गेला माझा!"

"सर, लोणच्याला एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंत, 'असल्या आडनावाच्या लोकांना कुठलं लोणचं जमणार!' पण चव कशी होती?"

"चव? लेबलावर बनवणारीचं आडनाव वाचलं आणि बरणी तशीच ठेवून दिली."

वैजयंतीने कपाळाला हात लावला. "सर, बोर्डाच्या पेपरवर मुलाचं नाव का नसतं हो?"

"तपासणाऱ्याने आडनाव बघून मार्क देऊ नयेत म्हणून!" सर कडाडले.

"मग लेबलावर कागद चिकटवा, बरणी उघडा आणि आता तपासा."

पलीकडून झाकण फिरवल्याचा आवाज आला.