न थांबणारा कंपायलर

“माझ्या कंपायलरमधलं काय काढून टाकलंस म्हणालास?” यमुनाबाईंनी विचारलं.

“थांबणं,” शार्दूल म्हणाला. “आता तो कधीच थांबत नाही, बाई.”

बाई भुईमुगाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी एक शेंग फोडली, दाणे ताटलीत टाकले.

भोरच्या पुढे, धरणाच्या पाण्याकाठी त्यांचं दोन खोल्यांचं घर. माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला कळेल अशा भाषेत उतरवून देणारा कंपायलर घडवण्यात बाईंनी उभी तीस वर्षं घातली. दवाखान्यांतली कितीतरी यंत्रं त्यांच्या कंपायलरच्या भरवशावर चालत. शार्दूल त्यांचाच विद्यार्थी; त्यांचाच कंपायलर घेऊन त्यानं आपला नवा घडवला होता. मोठा हुशार. आणि आपण शेरास सव्वाशेर झालो, हे त्याला दुसऱ्या कुणी सांगावं लागलं नव्हतं.

“तुमचा फार अडून बसायचा,” तो म्हणाला. “एखादी फाइल सापडली नाही की झालं. फेटल एरर! अर्धवट झालेलं काम पुसून टाकायचा, कुठं अडलं तेवढं सांगायचा, की संपला विषय. लोक वैतागायचे हो.”

“वैतागायचे खरे. मला फोन करून करून बोलायचे.”

“माझा वाट काढतो. जे नाही ते आजूबाजूचं बघून ताडतो आणि पुढं जातो.”

“बरोबर ताडतो?”

“शंभरात नव्व्याण्णव वेळा.”

“हं...”

आणखी दोन शेंगा फुटल्या.

“आणि आज इकडे कसा? ताकाला येऊन भांडं लपवू नकोस.”

शार्दूल ओशाळून हसला. पिशवीतून त्यानं एक कागद काढला आणि काडेपेटीपेक्षा जरा मोठा एक पंप. मधुमेहाच्या रुग्णांच्या अंगाला चोवीस तास लावून ठेवायचा, थेंबाथेंबानं इन्सुलिन सोडणारा. त्याचा प्रोग्रॅम शार्दूलच्या कंपायलरमधून उतरणार होता. पाच वर्षं त्यानं या एका कामापायी ना सण पाहिला ना वार. पण पंपवाल्यांची एकच अट होती. हा कंपायलर भरवशाचा आहे, अशी यमुनाबाईंची सही त्या कागदावर हवी.

“सही काय, करते की,” बाई म्हणाल्या. “आधी चालवून दाखव.”

त्यानं लॅपटॉप उघडला. बाईंनी पदराला हात पुसले, चष्मा चढवला आणि पंपाचा प्रोग्रॅम वरपासून खालपर्यंत वाचला. मग एक फाइल उचलून त्यांनी सरळ काढून टाकली. एका वेळी जास्तीत जास्त किती इन्सुलिन सोडायचं, ती मर्यादा त्या फाइलीत लिहिलेली होती.

“आता चालव.”

शार्दूलच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. हेच तर त्याला दाखवायचं होतं! त्यानं कळ दाबली. पडद्यावर पिवळी ओळ आली, फाइल सापडत नाही म्हणाली आणि वर सरकून गेली. तिच्यामागून आणखी दहा-बारा ओळी गेल्या. शेवटी हिरवी अक्षरं उमटली : तयार.

प्रोग्रॅम पंपात गेला. पंपानं बारीक आवाज करून आपण जागे झाल्याचं सांगितलं.

“बघितलंत?” शार्दूल म्हणाला.

“बघितलं.”

बाई उठल्या. फ्रिज उघडून त्यांनी इन्सुलिनची बाटली आणली. वीस वर्षांचा मधुमेह त्यांचा, घरात बाटली असायचीच. सराईत हातानं त्यांनी पंपाची नळी भरली, सुई बसवली. मग खुर्चीत बसून डाव्या हाताची बाही वर केली.

“लाव,” त्या म्हणाल्या.

शार्दूल हसला. बाई हसल्या नाहीत.

“बाई, चेष्टा करताय...”

“सकाळचं इन्सुलिन घ्यायचं राहिलंच आहे माझं. लाव.”

त्यानं सुई उचलली. बाईंच्या दंडाची कातडी सुरकुतलेली होती आणि वर्षानुवर्षांच्या टोचण्यांनी जागोजागी निबर झाली होती. त्यानं स्पिरिटचा बोळा फिरवला. सुई आत गेली. बाईंनी डोळ्याची पापणीसुद्धा हलवली नाही.

आता फक्त पंपाचं बटण दाबायचं होतं.

“मर्यादा किती धरलीय त्यानं?” बाईंनी विचारलं, चहात साखर किती घातलीस असं विचारावं तसं.

“ती... बघावी लागेल.”

“म्हणजे तुला माहीत नाही?”

“नाही. पण बहुतेक...”

“तुझ्या कंपायलरला माहीत आहे?”

शार्दूलनं पडद्याकडे पाहिलं. “त्यानं ताडलीय.”

“मग दाब.”

“आधी एकदा तपासतो ना बाई. दोन मिनिटं.”

“तपास असं तो कुठं म्हणाला? तयार म्हणाला. मी वाचलं.”

शार्दूलनं बाईंकडे पाहिलं. वाटलं होतं, शेवटच्या क्षणी त्या हात मागे घेतील, दोन शब्द सुनावतील आणि सुटका होईल. पण तो हात टेबलावर उताणा पडला होता, स्वस्थ. बाई खिडकीतून पाण्याकडे बघत होत्या. जास्त इन्सुलिन गेलं तर माणूस बसल्या जागी बेशुद्ध पडतो, आणि कधी कधी परत उठत नाही. हे त्यांना त्याच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी हात जागचा हलला नाही.

आणि शार्दूलच्या अंगावर सरसरून काटा आला.

या बाईनं तीस वर्षं, ज्याचं तोंडही पाहिलं नव्हतं अशा प्रत्येक रोग्याचा दंड असाच समोर उघडा आहे असं समजून काम केलं होतं. लोक फोनवर वाट्टेल ते बोलले. बाईंनी ऐकून घेतलं, पण स्वतःला न कळलेली एकही गोष्ट पुढं जाऊ दिली नाही. ज्या अडून बसण्याला तो इतकी वर्षं हसत आला, ते केवढं मोठं होतं हे त्याला आत्ता दिसलं. त्याला बाईंची भीती वाटली आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसंही वाटलं.

बोट बटणावर होतं.

ते खाली जाईना.

एक मिनिट गेलं असेल... दोन गेली असतील...

“दाब की,” बाई म्हणाल्या.

“नाही होत, बाई.”

“का?”

“किती जाईल ते मला कळत नाहीये.”

“शंभरात नव्व्याण्णव वेळा बरोबर जाईल, तूच म्हणालास.”

शार्दूलनं मान हलवली. त्यानं हलकेच सुई काढली, त्या जागी कापूस दाबून धरला आणि तसाच उभा राहिला. टेबलावरचा कागद त्यानं स्वतःच उचलला, घडी घातली. सहीचं नाव काढायची त्याची छाती झाली नाही. पाच वर्षं डोळ्यांसमोरून गेली, आणि त्यांचं फारसं वाईटही वाटलं नाही.

“थांब असं कुणी सांगितलं तुझ्या बोटाला?” बाईंनी विचारलं.

“कुणीच नाही.”

“मी तर दाब म्हणत होते.”

“हो...”

बाईंनी बाही खाली घेतली. ताटली पुढं ओढली आणि दाण्यांची मूठ त्याच्या हातावर ठेवली.

“आत्ता जे थांबलं ना,” त्या म्हणाल्या, “तेवढं तुझ्या कंपायलरमध्ये लिहून आण.”