उसना टाका

ही फार जुन्या काळची गोष्ट. किती जुनी, तेही सांगतो. राजाने नदीला दगडी घाट बांधला, त्याच्या पुढचे नववे वर्ष. श्रावण वद्य पंचमी. पोळ्याला दहा दिवस उरले होते. लहान असा की थोर, नीट बसून ऐका.

घाटाच्या वरच्या अंगाला एक गाव होते. तिथल्या बायका कशिदा काढण्यात तरबेज. चार जणी एका कापडाभोवती बसत. सुया चालत, जिभाही चालत. त्यांचा एक नियम होता. चुकलेला टाका उसवायचा नाही. त्याचे काहीतरी देखणे करायचे. पण ते चुकणारीने नाही, शेजारणीने करायचे. कुणाची फांदी वाकडी गेली की तिचा साप होई. कुणाचा दोरा भरकटला की त्याची पाऊलवाट होई. याला त्या उसना टाका म्हणत. आज तू माझी चूक सावरलीस, उद्या तुझी मी सावरायची. हे उसने कुणी ठेवत नसे.

या गावात सगुणाबाई राहत असे. हात सोन्याचा, मान ताठ. पोळ्याला गावाच्या मानाच्या बैलाची झूल तिनेच भरायची. आजेसासूपासून चालत आलेला मान होता तो.

तिच्यासमोर, गल्लीच्या पलीकडे, हौसाबाईचे घर. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन आलेल्या, एकाच ओसरीवर कशिदा शिकलेल्या. सात वर्षांपूर्वी हौसाबाईने सगुणाबाईची बिघडलेली वेल सावरून दिली. दुसऱ्याच दिवशी हौसाबाईचा मोर बिघडला. मान आखूड, पोट मोठे, पिसाऱ्याचा पत्ता नाही. आता पाळी सगुणाबाईची होती. तिने सुई उचलली नाही. ती म्हणाली, "हौसा, तुझा मोर आज अंडं घालील गं."

सगळ्या हसल्या. हौसाबाई हसली नाही. तिने कापडाची घडी केली आणि ती उठून गेली. सगुणाबाईला वाटले, जाऊन समजूत काढावी. मग वाटले, मोर काही मी बिघडवला नव्हता. त्या दिवसापासून तिने ओसरीवर बसणे सोडले. दार लोटून ती एकटी काढू लागली.

एकटीची चूक सावरणार कोण? सगुणाबाई उसवू लागली. काम अगदी बिनचूक झाले. पण दरवर्षी झुलीवर तेच अकरा मोर येत. एका ओळीत, माना वर.

यंदा पाटलाने निरोप धाडला होता. बैल नवा आहे, झूलही नवी पाहिजे. तेच मोर दिसले तर पुढच्या वर्षीपासून झूल शेजारच्या गावात भरायला टाकू. सगुणाबाईने महिनाभर डोके खाजवले. चार वेळा काढले, चार वेळा उसवले. पाचव्यांदा काढले, तर अकरा मोर पुन्हा हजर.

पंचमीच्या सकाळी ती माप बघायला पाटलाच्या गोठ्यात गेली. झूल पाठीवर पडताच बैलाने मान वळवली.

"हे मोर मला माहीत आहेत," बैल म्हणाला. "माझ्या आधीच्या बैलाच्या पाठीवर हेच होते. त्याच्या आधीच्याही. आमच्या गोठ्यात बोलतात, सगुणाबाईचे मोर म्हणजे पाटलाचे गडी. जागचे हलत नाहीत."

"मुक्या जनावरानं मुकं राहावं," सगुणाबाई म्हणाली.

"राहिलो असतो. पण पाठ माझी आहे."

सगुणाबाईला राग आला. तिने झूल खसकन ओढली. झूल खाली घसरली, बैलाचा पाय तिच्यावर पडला आणि कापड बरोबर मधोमध फाटले. वीतभर भोक.

बैलाने भोकाकडे बघितले. "चूक माझी," तो म्हणाला. "पण मला सुई धरता येत नाही." आणि तो वैरण खाऊ लागला.

सगुणाबाईने घरी येऊन ठिगळ लावले. लाल झुलीला लाल ठिगळ. पण ठिगळ ते ठिगळच. ते काढून दुसरे लावले. तिसरे लावले. असे चार दिवस गेले. भोक काही उसवता येत नाही, हे तिला तेव्हा कळले. कपाळाला हात लावून ती बसली. मग उठली, झूल काखेत मारली आणि तिने गल्ली ओलांडली. तीस पावलांची वाट. तिला सात वर्षे लागली.

हौसाबाई दारात डाळ निवडत होती.

"सगुणा? वाट चुकलीस का गं?"

"झूल फाटलीय."

"मग शिंप्याकडं जा."

सगुणाबाई हलली नाही. पुढचे शब्द तिने जन्मात कधी काढले नव्हते. "हौसा, तुझा मोर मी सावरायचा होता. मी हसले. चुकलं माझं."

हौसाबाईने सूप खाली ठेवले. मग हात पुढे करून म्हणाली, "आण इकडं."

तिने झूल पसरली आणि भोकातून आपला हात कोपरापर्यंत घातला. हसून म्हणाली, "केवढं हे. यात तर बैल पाणी पिईल."

"बैल कशाला," सगुणाबाई म्हणाली, "मोरच पितील की."

मग हौसाबाई आत पळाली आणि निळ्या लुगड्याचा तुकडा घेऊन आली. तो तिने भोकाखालून लावला. काठाने पांढऱ्या दोऱ्याच्या लाटा घातल्या. तळे झाले. आता तळ्याकाठी मोर माना वर करून कसे उभे राहणार? सगुणाबाईने एकेकाची मान खाली वाकवली. एक पितोय, एक पाण्यात स्वतःलाच न्याहाळतोय, एक दुसऱ्याला ढकलतोय. हसण्याचा आवाज ऐकून ओसरीवरच्या आणखी दोघी आल्या. एकीचा हिरवा टाका पाण्यात घसरला. दुसरीने त्याचा बेडूक केला. कुणी काही उसवले नाही.

पोळ्याच्या दिवशी गाव वेशीत जमले. झूल बघून पोरे बेडूक मोजू लागली, कारण तोवर चार झाले होते. पाटलाने बैलाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि पुढच्या वर्षीच्या झुलीचे कापड तिथेच सगुणाबाईच्या हातात दिले. मिरवणूक निघाली. मानाचा बैल फार हळू चालत होता. मागच्या बैलांचा खोळंबा झाला. पाटलाने विचारले, याला झाले तरी काय? सगुणाबाईला कारण माहीत होते. तळ्यातले पाणी सांडू नये म्हणून तो जपून पाय टाकत होता. पण तो काही बोलला नाही. मुक्याने मुके राहावे, असे त्याला सांगण्यात आले होते.

एकटा हात काम बिनचूक करील, पण कामात जीव यायला शेजारचा हात लागतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सगुणाबाई पुन्हा हौसाबाईकडे गेली. तिने ते सात वर्षांपूर्वीचे कापड मागितले. हौसाबाईने पेटीच्या तळातून काढून दिले. मोर तसाच होता. मान आखूड, पोट मोठे, पिसारा नाही. नियमाप्रमाणे हौसाबाईने तो उसवलाही नव्हता आणि पुढेही काढला नव्हता.

सगुणाबाईने कापड उजेडात धरून पाहिले. "हा मोर नव्हेच," ती म्हणाली. "ही लांडोर आहे."

तिने सुईत दोरा ओवला. लांडोरीच्या मागे एक पिल्लू काढले. मग दुसरे. एकामागे एक सात पिल्ले काढली, प्रत्येकाच्या डोक्यावर इवलासा तुरा. शेवटच्या पिल्लाला डोळा भरला, गाठ मारली, दोरा दाताने तोडला आणि कापड हौसाबाईच्या मांडीवर ठेवले.

उसना टाका फिटला.