तिस्साची भूक

फार पूर्वी चंपानगरीत भद्रसेन राजाची सत्ता होती. त्या काळी बोधिसत्त्व वैद्याच्या कुळात जन्मले होते आणि माळ्यांच्या आळीत औषधं देत.

त्याच आळीत सोणक नावाचा हारवाला राहत होता. त्याचं आणि बायकोचं, उत्तराचं, काही केल्या पटेना. अखेर काडीमोड झाली. उत्तरा नदीपलीकडे भावाच्या घरी गेली. सहा वर्षांची लेक तिस्सा मात्र दोघांनाही हवी होती. पंचांनी ठरवून दिलं, पाच दिवस आईकडे, पाच दिवस बापाकडे.

आता एखाद्या घराचं फाटलं की आळीचे कान टवकारतातच, त्याला काय करणार? पोर यायच्या दिवशी बायका घागरी घेऊन मुद्दाम सोणकच्या दारावरून जात. तिस्साचं पहिलं बोलणं तेच, "बाबा, भूक लागली."

सोणक कपाळावर हात मारून घेई. "ऐकलंत? ही आई! पोरीला उपाशी धाडते!"

पलीकडच्या काठावर उत्तराही तशीच. "दिवसभर हार ओवतो मेला, पोरीला दोन घास भरवायला हात नाहीत त्याला!"

मग दोघंही आपापल्या घरी तिला तूप-भात कोंबत. तरी पोर सुकत चालली. पोट तेवढं नगाऱ्यासारखं. शेवटी दोघं दरबारात गेली. दोघांचं मागणं एकच, पोर कायमची मला द्या. न्यायामात्यांनी तिस्साला वैद्याकडे पाठवलं. तिला कोण उपाशी ठेवतं, ते वैद्यांनी शोधायचं होतं.

बोधिसत्त्वांनी जीभ पाहिली, पोट चाचपलं. उपासमार कसली, हे तर जुनं अजीर्ण! त्यांनी पोरीला काही विचारलं नाही. हिरडा कुटता कुटता सहज म्हणाले, "मला बुवा आज भूकच नाही."

तिस्सा दचकली. "असं म्हणायचं नसतं, आजोबा."

"का गं?"

"भूक नाही म्हटलं की आई विचारते, तिकडे काय काय खाल्लंस? आणि रडते. भूक लागली म्हटलं की जवळ घेते. बाबापण घेतात."

बोधिसत्त्वांचा हात खलातच थांबला.

दुसऱ्या दिवशी दरबारात जाताना अमात्यांनी त्यांना बाजूला घेतलं. "वैद्यराज, रोजची कटकट झाली आहे. कोणतंही एक नाव घ्या नि मिटवा. राजवैद्याची जागा रिकामी आहे, ती तुमचीच समजा."

बोधिसत्त्वांच्या घरचं छप्पर गळत होतं. क्षणभर ते मनात आलंही. पण नाव घेतलं, तर पोरीच्या हातून आईबापांपैकी एकाचा हात कायमचा सुटणार होता.

ते सभेत म्हणाले, "हिला उपाशी कोणीच ठेवत नाही. दोन्ही घरी ती भुकेहून जास्त खाते. भूक लागली म्हटल्यावर तुमचा जीव निवतो, हे पोरीला कळलं आहे. तुम्हाला जे ऐकायचं असतं, तेच ती देते. पोर दोघांकडे आहे तशीच राहू द्या. औषध मी तिला देईन, पथ्य मात्र तुम्ही पाळायचं."

"आम्ही?" सोणक म्हणाला.

"तुम्हीच. पोचवणाऱ्यानं उंबऱ्यापर्यंत यायचं आणि पोर काय जेवली ते तिच्यादेखत सांगायचं. घेणाऱ्यानं 'बरं केलं' म्हणायचं. पोरीला तिकडचं काही विचारायचं नाही."

अमात्यांनी तोंड फिरवलं. ती जागा दुसऱ्याच कुणाला मिळाली.

पाच दिवसांनी उत्तरा नदी ओलांडून आली. माजी नवऱ्याकडे पाहवेना, म्हणून चौकटीलाच म्हणाली, "मुगाची खिचडी खाऊन आली आहे. पोटभर."

सोणकनं हातातला हार खाली ठेवला. आळीतल्या घागरी जागच्या जागी थांबल्या. तो म्हणाला, "बरं केलंस."

तिस्सानं एकदा आईकडे पाहिलं, एकदा बापाकडे. मग हळूच म्हणाली, "बाबा, मला भूक नाही. मी खेळायला जाऊ?"

ही मागल्या जन्मीची गोष्ट सांगून, आता बुद्ध झालेले शास्ता समोर बसलेल्या, मुलीवरून भांडत आलेल्या जोडप्याला म्हणाले, "तो सोणक आणि ती उत्तरा म्हणजे तुम्हीच दोघं. तिस्सा म्हणजे दाराशी उभी असलेली ही तुमची लेक. आणि तो वैद्य मी होतो. दोघांपैकी एकाचीही बाजू न घेता लेकराची बाजू धरणं, तिलाच मैत्री म्हणतात."