एक मिनिट बावन्न सेकंद

“...आणि त्या एक मिनिट बावन्न सेकंदांत तुम्ही अवाक्षरही का काढलं नाहीत, गुरुजी?”

अत्तार गुरुजी चिंच निवडत होते. सुपात चिंच, शेजारी वाटीत चिंचोके. त्यांनी मान वर केली नाही.

“कधीचं म्हणतोस?”

“चोवीस वर्षं झाली. चौदा नोव्हेंबर. शनिवार.” हुक्केरीने मांडीवरची वही उघडली. “चित्रपटातला जावई बोलत होता. खाली इंग्रजी ओळी पळत होत्या. हॉलमध्ये साठ माणसं. आणि तुम्ही गप्प. मी तेव्हाच लिहून ठेवलंय. ‘भाषांतर सुटले. कारण अज्ञात.’”

“अज्ञात...” गुरुजी म्हणाले. “चांगला शब्द आहे.”

आणि एक चिंचोका वाटीत टाकला.

त्या गावात एकेकाळी फिल्म सोसायटी होती. शुक्रवारी पुण्याहून एसटीच्या टपावरून पत्र्याची पेटी यायची. पेटीत रिळं. कधी जपानची, कधी पोलंडची, कधी कुठल्या देशाची ते पेटी उघडल्यावर कळायचं. चित्रपटाच्या खाली इंग्रजी ओळी असत. बघायला येणारे कोण, तर शिंपी, कंपाउंडर, कुंभार, पोस्टातले दोघे, शाळेतल्या बाई. पहिली ओळ वाचून होईस्तोवर दुसरी निघून जायची.

म्हणून पडद्याच्या डाव्या हाताला एक लाकडी खुर्ची ठेवलेली असे. तिच्यावर बसून दस्तगीर अत्तार, प्राथमिक शाळेचे गुरुजी, अख्खा चित्रपट मराठीत सांगत. बत्तीस वर्षं त्यांनी असे चित्रपट सांगितले.

चित्रपटांची मूळ नावं कुणाच्याच तोंडात बसत नसत. गावाने त्यांचं आपल्या पद्धतीने बारसं केलं होतं. जपानचा विहिरीवाला. सेनेगलचा बोकडवाला. हंगेरीचा पावाचा. तुर्कस्तानचा दारवाला.

पुढे रिळं यायची थांबली. सोसायटीला कुलूप लागलं. आता वाचनालयाच्या माडीवर नवा पडदा आला होता आणि येत्या शनिवारी सोसायटी पुन्हा सुरू व्हायची होती. गुरुजींचा आवाज बसला होता, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. खुर्चीवर कुणी बसायचं ते गुरुजी सांगतील, एवढंच कमिटीने ठरवलं होतं.

त्या खुर्चीसाठी चंद्रशेखर हुक्केरी आला होता. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीदार. वय अठ्ठेचाळीस. चोवीस वर्षांत त्याने एकोणीस वह्या भरल्या होत्या. देश, साल, दिग्दर्शक, छायालेखक, कुठला शॉट किती सेकंदांचा. त्यासाठी स्टॉपवॉच घेतलं होतं. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. सोसायटी कधी ना कधी उघडेल या भरवशावर त्याने बढतीची बदली दोनदा नाकारली होती. पहिल्यांदा बायकोला कारण सांगितलं होतं. दुसऱ्यांदा बदली आल्याचंच सांगितलं नाही.

“यादी आणलीस म्हणे,” गुरुजी म्हणाले.

“शंभर चित्रपटांची. जगातले सर्वोत्तम, क्रमवारीने. दर शनिवारी एक लावला तर दोन वर्षांत संपेल.”

“पहिला कुठला?”

“तुर्कस्तानचा. मूळ नाव—”

“दारवाला.”

“तोच. पण गुरुजी, दारवाला हे काही नाव नव्हे. जगात कुणाला कळणार ते?”

“जगाला कोण सांगतंय? इथं मालन कुंभाराला सांगायचंय.”

हुक्केरीने यादीची घडी उलगडली.

“पावाचा कितवा आहे?” गुरुजींनी विचारलं.

“तो यादीत नाही.”

“का रे?”

“साधारण आहे तो. दीड तास नुसते पाव भाजतात.”

“गणपा कंपाउंडरची बायको गेली, त्या आठवड्यात बोकडवाला आला होता. मी पेटी तशीच परत पाठवली. पावाचा मागवून घेतला.”

“का?”

“पावाच्यात कुणी मरत नाही.”

हुक्केरीने यादीकडे पाहिलं. शंभर नावं सुवाच्य अक्षरात होती. गणपा कंपाउंडरसाठी तिच्यात रकाना नव्हता.

“दारवाला किती वेळा बघितलास?”

“सात वेळा.”

“मग सांग बघू.”

याचीच तर हुक्केरी वाट बघत होता. तो ताठ बसला.

“एकशे चार मिनिटं. तीनशे अठरा शॉट. धरणात गाव जातं. म्हातारा आपल्या घराचं दार बिजागरीसकट काढतो, पाठीवर घेतो आणि डोंगर ओलांडून लेकीच्या गावाला चालत निघतो. शेवटी तिच्या घरी पोचतो. तिथे जावयाचं भाषण आहे. जावई दिसत नाही, आतून नुसता आवाज येतो. जमीन, सरकार, कायदा, घर म्हणजे काय... सलग एक मिनिट बावन्न सेकंद. अख्ख्या चित्रपटाचा अर्थ त्या भाषणात आहे, गुरुजी. आणि नेमकं तेच तुम्ही गाळलंत.”

गुरुजींनी बोटाला चिकटलेली चिंच सुपाच्या कडेला पुसली.

“हद्द बिनचूक मोजलीस, हुक्केरी. आत पीक काय होतं?”

हुक्केरीने ते वाक्य वहीत लिहून घेतलं.

तेवढ्यात दारात मालन कुंभार येऊन उभी राहिली. साठी उलटलेली बाई. सोसायटीचा एकही शनिवार तिने चुकवला नव्हता. पडद्यासमोर डाव्या बाजूला सतरंजीवर तिची जागा ठरलेली असे.

“गुरुजी, माठाची झाकनी आनलीया. आता तरी फोडू नगा.”

“मी कुठं फोडली? मांजरानं फोडली.”

“मांजराला नावं ठिवू नगा. त्येला दोन्ही डोळ्यांनी दिसतंय.” तिने झाकणी माठावर बसवून बघितली. मग तिचं लक्ष वहीकडे गेलं. “शनवारी काय लावनार हाय, गुरुजी?”

“हुक्केरी साहेबांना विचार. शंभर आणलेत त्यांनी.”

“अगं बया! येवढं बघूस्तवर मी ऱ्हाती का जाती.” ती हुक्केरीकडे वळली. “सायेब, दारवाला लावा की. त्यातलं ते म्हातारं जोडं काढतंय बगा... त्येवढं येकदा परत बघू वाटतंय.”

“कुठले जोडे?”

“म्हाताऱ्याचं.”

“मावशी, दारवाल्यात जोडे नाहीत.” हुक्केरी सौम्यपणे म्हणाला. “मी सात वेळा पाहिलाय. तुम्हाला दुसरा कुठला तरी आठवतोय. बोकडवाल्यात एक चांभार आहे, तो असेल.”

“न्हाई वो, दारवाल्यातलंच.”

“नाही, मावशी. सगळे शॉट लिहिलेत मी.”

मालनने वहीकडे आदराने पाहिलं.

“मग नसंल बाबा. मला कुठं वाचाय येतंय.”

ती निघून गेली. हुक्केरी हसून गुरुजींकडे वळला.

गुरुजी हसत नव्हते. त्यांनी सूप बाजूला सरकवलं, मोरीत जाऊन हात धुतले, खांद्यावरच्या टॉवेलला पुसले.

“आणलायस ना दारवाला? लाव. शेवटची वीस मिनिटं लाव.”

हुक्केरीने खिशातून पेनड्राइव्ह काढला. टीव्ही कपाटावर होता. त्याच्या शेजारी गुरुजींनी स्टूल ठेवलं, डाव्या हाताला. स्वतः भिंतीला टेकून बसले.

“मला धड दिसत नाही आता. शनिवारी सांगशील तसं सांग.”

हुक्केरी स्टुलावर बसला. त्याने स्टॉपवॉच उजव्या मुठीत धरलं आणि सांगायला सुरुवात केली.

तो चांगलं सांगत होता. आवाज स्वच्छ, मराठी घोटीव. एकही ओळ निसटली नाही. म्हातारा वाटेत एका मेंढपाळाशी बोलला, ते त्याने सांगितलं. पुलावरच्या शिपायाने दाराची पावती मागितली, ते सांगितलं, आणि गुरुजी खुदकन हसले. एकदा त्यांनी मानही डोलावली. हुक्केरीला ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलं. खुर्ची आता हातभर अंतरावर होती.

लेकीचं गाव आलं.

गुरुजी उठले. त्यांनी टॉवेलची उभी घडी घातली आणि तिची दोन टोकं टीव्हीच्या दोन्ही बाजूंना खोचली. खालून चार बोटं पडदा झाकला गेला.

“गुरुजी... ओळी झाकल्या गेल्या.”

“हो.”

“मग मी सांगू कसं?”

गुरुजी जागेवर जाऊन बसले. सूप पुन्हा पुढ्यात ओढलं.

जावयाचा आवाज सुरू झाला. हुक्केरीचं काही अडलं नाही. भाषण त्याला तोंडपाठ होतं. त्याने अंगठा स्टॉपवॉचच्या बटणावर ठेवला.

“‘कायद्याने ते घर आता तुमचं नाही,’” तो सांगू लागला. “‘ज्या घराला जमीन नाही, त्या घराला...’”

बोलता बोलता त्याची नजर सवयीने खाली गेली. तिथे टॉवेल होता. निळ्या काठाचा, ओलसर. नजरेला तिथे काही करण्यासारखं नव्हतं. ती वर आली.

अंगणात म्हातारा होता. लेकीच्या घराला दार नव्हतं, गोणपाटाचा पडदा होता. आवाज त्या पडद्याआडून येत होता. पण म्हातारा पडद्यापाशी गेला नव्हता. त्याने पाठीवरचं दार उतरवलं आणि पडद्यापासून दहा-बारा हात लांब, भिंतीला टेकवून उभं केलं. दाराच्या मागे नुसती भिंत.

मग त्याने बाहीने कडी पुसली.

दार कलतंय असं वाटलं, म्हणून एक हात त्याच्यावर ठेवला. दुसऱ्या हाताने, वाकून, एक जोडा काढला. मग हात बदलला. दुसरा जोडा काढला. दोन्ही एकापाशी एक ठेवले, कुणाच्याही घरी ठेवतात तसे. एक थोडा वाकडा राहिला होता, तो पायाने नीट केला.

आणि आपणच आणलेल्या दारासमोर अनवाणी उभा राहिला. आतून कुणी ये म्हणेल म्हणून थांबल्यासारखा.

पडद्याआडचा आवाज चालूच होता.

“पुढं?” गुरुजींनी विचारलं.

...

“हुक्केरी, जावई काय म्हणतोय?”

...

वाटीत एक चिंचोका पडला. थोड्या वेळाने आणखी एक.

भाषण संपलं. म्हातारा अजून उभाच होता. मग अंधार झाला आणि काळ्यावर पांढरी नावं वर सरकू लागली. ती संपेपर्यंत हुक्केरी तिथेच बघत बसला. ही नावं तो दर वेळी उतरवून घेत असे.

मग त्याने मूठ उघडली. स्टॉपवॉचवर तीन शून्यं होती. बटण दाबायचंच राहिलं होतं.

त्याने वही घेतली. चौदा नोव्हेंबरचं पान काढलं. ‘कारण अज्ञात’ या शब्दांवर पेन टेकवलं, थोडा वेळ तसंच धरलं, आणि मग टोपण लावून खिशात ठेवलं.

“गुरुजी,” तो म्हणाला. “जोडे आहेत.”

“असतील. मालन म्हणत होती.”

“आणि... माझ्याकडूनही सुटलं. सांगायचं राहिलं.”

गुरुजींनी सुपातली पुढची चिंच उचलली.

इतका वेळ जी खुर्ची हातभर अंतरावर होती ती आता कुठल्या कुठे गेली, हे हुक्केरीला कळलं. चोवीस वर्षं, दोन बदल्या... त्याने पेनड्राइव्ह काढून घेतला. यादीची चौघडी केली आणि ती वहीत घातली. गुरुजींच्या पाया पडला. ते चिंच निवडत होते, त्यांनी कोपराने त्याच्या डोक्याला स्पर्श केला.

उंबऱ्याबाहेर त्याच्या चपला होत्या. येताना घाईत एक पालथी पडली होती. तो खाली वाकला, ती हाताने सरळ केली, दुसरीच्या शेजारी नीट ठेवली. मग पायांत घातल्या.

पाठीमागे गुरुजी उठल्याचा आवाज आला. त्यांनी टीव्हीला खोचलेला टॉवेल ओढून काढला, झटकला आणि खांद्यावर टाकला.

“हुक्केरी,” त्यांनी हजेरी घेतल्यासारखी हाक मारली.

तो वळला.

“शनिवारी साडेसहाला. टॉवेल तुझा आण.”