कासाराने घर रंगवलं

घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक कासार राहायचा. कधीची गोष्ट म्हणाल, तर बांगड्या पेटाऱ्यात भरून पाठीवरून दारोदार न्यायचे तेव्हाची. पंचक्रोशीतल्या लेकीबाळी त्याच्याच हातून बांगड्या भरून घेत. पण एखादी माहेरवाशीण समोर मनगट धरून बसली की त्याच्या जिवाची घालमेल व्हायची. त्याची एकुलती एक लेक घाटापलीकडे, तीन दिवसांच्या वाटेवर दिली होती. सहा वर्षांत ती एकदाही माहेरी आली नव्हती. कासारीण लेकीच्या लग्नाआधीच वारलेली, आणि याच्या गुडघ्यांना घाट झेपत नव्हता.

एके दिवशी मीठ विकणारा फिरता व्यापारी निरोप घेऊन आला.

"तुमची लेक म्हणाली, सासूबाईंनी आठ दिवस दिलेत. गुऱ्हाळ पेटायच्या आत जाऊन यायचं. धाकटा दीर सोडायला येईल. अण्णांना विचारा, कधी येऊ?"

'उद्याच ये' हे शब्द कासाराच्या अगदी ओठांवर आले होते. तेवढ्यात वरून चुन्याचा एक पोपडा सुटला आणि व्यापाऱ्याला प्यायला दिलेल्या ताकात पडला. व्यापारी भला माणूस. त्याने तो बोटाने काढला आणि ताक पिऊन टाकलं. कासार मात्र शरमेने अर्धा झाला. असाच पोपडा उद्या दिराच्या ताटात पडला तर? तो घरी जाऊन सांगेल, आणि पोरीला जन्मभर टोमणे ऐकावे लागतील.

"एक दिवस मुक्काम करा, मग निरोप देतो," तो म्हणाला आणि रंगाऱ्यांना बोलावणं धाडलं.

पहिला रंगारी आला तो अंगणातूनच बोलला. "दहा रुपये! उद्या सुरू, परवा संध्याकाळी घर नवंकोरं."

"आत येऊन बघा तरी."

"भिंतीत बघायचं काय? भिंत ती भिंत."

दुसरा रंगारी म्हातारा होता. त्याने चपला काढल्या, घरभर हिंडला, नखाने चुना उकरून पाहिला, भिंतीला तळवा लावून ओल अजमावली. मग म्हणाला, "पन्नास रुपये. दिवस वीस."

"पन्नास? रंगात सोनं उगाळता की काय?"

"रंगाचे बाराच. बाकीचे अडतीस रंगाखालच्या कामाचे. दर दिवाळीला जुन्यावरच नवा हात मारत आलात, त्याचे थर साचलेत. ते खरवडायचे, भेगा बुजवायच्या, छपराची गळती थांबवायची, भिंती वाळू द्यायच्या. मग रंग."

तुम्हाला वाटेल, कासार स्वस्ताईला भुलला आणि फसला. छे! आयुष्यभर काच पारखलेला माणूस तो. दहा रुपयांचा रंग पहिल्या ओलीला सुटणार हे त्याला बरोब्बर कळलं. लेकीच्या साडीचोळीसाठी गाडग्यात साठवलेले पन्नास रुपये त्याने काढले आणि म्हाताऱ्यापुढे ठेवले.

म्हाताऱ्याने लगेच हात लावला नाही. "कासारदादा, एक विचारू? एवढी घाई कशासाठी?"

"लेक यायची आहे. तिला थांबवतो वीस दिवस."

"थांबवू नका. ती येऊन जाऊ दे, मग रंगवू. भिंत काय, कधीही रंगवता येईल."

"असल्या घरात आणू तिला? तुम्ही तुमचं काम बघा."

म्हाताऱ्याने पैसे उचलले. व्यापारी निरोप घेऊन गेला, 'घर रंगवतोय, वीस दिवसांनी ये.'

काम मात्र असं झालं की नाव ठेवायला जागा नाही. भिंती आकाशी, दारं तांबडी, उंबऱ्यावर पांढरी वेल. कासार रोज लेकीला मनातल्या मनात घरभर फिरवायचा. इथे ती थबकेल, इथे हात फिरवील, इथे म्हणेल, अण्णा, केवढा खर्च केलात! विसाव्या दिवसापासून तो घाटाच्या वाटेकडे डोळे लावून बसला.

वाटेने आला तो मीठवाला. एकटाच.

"गुऱ्हाळ पेटलं," तो म्हणाला. "आता तिला कोण सोडतंय? पुढच्या वर्षी बघू म्हणाली सासू."

"आणि लेक? ती काय म्हणाली?"

व्यापाऱ्याने गोणी खाली ठेवली. "मी गेलो तेव्हा बोचकं बांधून दारातच उभी होती. तुमचा निरोप सांगितला. ती खाली बसली आणि बोचक्याची गाठ सोडली."

कासाराला पुढे काही ऐकू आलं नाही. तो आत गेला आणि कोरड्या, गुळगुळीत, आकाशी भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला. पोपडे पडत होते तेव्हाही ते घर तिचंच होतं, आणि तिला तेवढंच हवं होतं. हे त्याला आता कळत होतं.

घराची कीर्ती मात्र पसरली. लांबलांबचे लोक घर रंगवण्याआधी ते पाहायला येत, भिंतीवर हात फिरवत आणि हमखास विचारत, "कासारबुवा, खर्च किती आला?"

"पन्नास रुपये आणि आठ दिवस," कासार सांगे.

"आठच? आम्ही तर वीस ऐकले."

"वीस रंगाऱ्याचे," कासार म्हणे. "आठ माझ्या लेकीचे."

तात्पर्य: कामाला किती रुपये लागतील हे जरूर विचारावं, पण ते होईपर्यंत आपल्या माणसाला दाराबाहेर ठेवतो आहोत का, हे त्याआधी विचारावं.