मोरणगडाचं सरपण

"गडावरचं सगळं रान तोडा! अगदी मुळासकट!"

मोरणगडाचे किल्लेदार सुभानराव यांनी हुकूम सोडला आणि तीस कुऱ्हाडी उताराला लागल्या. शत्रू वेढा घालणार अशी आवई उठली होती. वेढा पडला तर गडावरच्या पाचशे शिपायांना चुलीसाठी लाकूड कुठून आणायचं? म्हणून आत्ताच सगळं तोडून कोठारं भरायची, असा किल्लेदारांचा बेत.

पण पहिल्याच झाडापुढे एक बाई आडवी उभी राहिली. तिचं नाव हौसा. गडावरच्या पाण्याच्या टाक्यांची राखण तिच्याकडे होती. गाळ काढावा, शेवाळ खरवडावं, गुरांना हाकलावं, हे तिचं काम. टाकी होती रानाच्या पायथ्याशी, आणि त्यांत पाणी झिरपायचं ते त्याच रानातून.

"रान गेलं की चैतात टाक्यांत बेडूकसुद्धा ओला व्हायचा नाही!" हौसा ओरडली. "मग त्या कोठारभर लाकडावर काय शिजवणार? धूर?"

शिपाई खदखदून हसले. किल्लेदार हसले नाहीत. त्यांनी तिला धरून थेट महाराजांपुढे नेलं. महाराज त्याच दिवशी गडाची पाहणी करायला आले होते. माणूस मनाचा दिलदार, पण एकदा हट्टाला पेटला की ब्रह्मदेवाचंही ऐकायचा नाही.

"लाकूड तर मला हवंच," महाराज म्हणाले. "तुला रान हवं?"

"हवं, महाराज."

"मग दोन्ही दे! पाचशे माणसांना रोज सरपण मिळालं पाहिजे, आणि दहा वर्षांनी मी येईन तेव्हा रान आज आहे तेवढंच दाट दिसलं पाहिजे. रोज काढायचं आणि कमी होऊ द्यायचं नाही! कसं ते उद्या सकाळी पटवून दे. नाही पटलं, तर रानही जाईल आणि तुझं बिऱ्हाडही गडाखाली जाईल!"

किल्लेदारांनी मिशीवरून हात फिरवला. आता ही कसली बोलते!

रानाचं काय करायचं हे हौसाला चांगलं ठाऊक होतं. लहानपणापासून ती त्याच झाडांत वावरली होती. पण हट्टी राजाला ते पटवायचं कसं? ती संध्याकाळभर टाक्याच्या पायरीवर बसून राहिली. काही सुचेना.

सकाळी बोलावणं आलं. ती सदरेवर गेली तेव्हा महाराज दाढीला बसले होते. गोंदा न्हावी वस्तऱ्याला धार लावत होता. हौसाने ते पाहिलं मात्र, तिचे डोळे लुकलुकले!

"महाराज, एक विनंती. आजची दाढी माझ्या सांगण्याप्रमाणे व्हावी."

"तुझ्या? बरं, होऊ दे!"

"गोंदादादा, वस्तरा ठेवा. चिमटा घ्या. एकेक केस मुळासकट उपटा!"

गोंदाचा चेहरा पांढराफटक पडला. पण महाराजांनी हो म्हटलेलं. त्याने डोळे मिटले, चिमटा लावला आणि ओढला.

"आई गं!" महाराज आसनावरून वीतभर उडाले. "मारतोस की काय मला? आणि तू गं बाई, वेड लागलं का तुला?"

"माफी असावी, महाराज! पण मला सांगा, गोंदादादा किती वर्षं तुमची दाढी करतात?"

"वीस."

"वीस वर्षांत पोतंभर केस नेले असतील की! मग दाढी कमी झाली?"

"कशी होईल? तो वरचं कापतो. मूळ तसंच असतं. पुन्हा उगवते!"

"मग माझ्या डोंगराची दाढी मुळासकट का उपटता, महाराज?"

हौसा पुढे बोलत राहिली. "रानाचे आठ वाटे करा. एका वर्षी एकच वाटा तोडायचा, तोही गुडघाभर खुंट ठेवून. ऐन, धावडा ही झाडं खुंटातून पुन्हा फुटतात. आठवा वाटा संपेस्तोवर पहिला डोक्यावर गेलेला असेल!"

"आणि एका वाट्यात पाचशे माणसांचं भागेल?" किल्लेदार गुरकावले.

"आज नाही भागणार, सरकार. गडावर दहा-दहा माणसांची एक, अशा पन्नास चुली पेटतात. शंभर माणसांचं एका भट्टीवर रांधलं तर पाच पुरतील. शिवाय बैलांचं शेण तुम्ही कड्यावरून खाली ढकलता, त्याच्या गोवऱ्या मी थापून देते. एवढं करूनही लाकूड कमी पडलंच, तर..."

"तर काय?" महाराज पुढे झुकले.

"तर किल्लेदारांच्या आंघोळीच्या हंड्याखालचा जाळ विझवावा. तो पहाटेपासून दुपारपर्यंत धडधडत असतो. चाळीस शिपायांचा स्वयंपाक होईल तेवढं लाकूड एकट्याच्या पाठीवर जातं!"

किल्लेदार लालबुंद झाले. महाराज मात्र गालावरचा दुखरा ठिपका चोळत असे हसले, असे हसले, की सदरेवरची कबुतरं भुर्रकन उडाली!

"जिंकलीस, हौसा! आजपासून तू या रानाची किल्लेदार. तुझ्या शब्दाशिवाय इथे एक कुऱ्हाड उचलली जाणार नाही!" त्यांनी दंडातलं सोन्याचं कडं काढून तिच्या हाती दिलं आणि ते सुभानरावांकडे वळले. "आणि तुम्ही हो! उद्यापासून गार पाण्याने आंघोळ. टाक्यावर जाऊन!"

"टाक्यावर नको, महाराज!" हौसा घाईघाईने म्हणाली. "ते पिण्याचं पाणी आहे!"