चटईखालचा माणूस

“पण ट्रक त्याने चालवला होता का?” पेनिआमिना ओरडला.

“नाही,” फुइमाओनो म्हणाले. म्हातारे मांडी घालून खांबाला टेकले होते.

“मग तो इथे कशाला मरायला आलाय?”



सामोआतल्या जुन्या घरांना भिंती नसतात, नुसते खांब. त्या दिवशी मात्र पेनिआमिनाने माडाच्या झावळ्यांचे पडदे चारी बाजूंनी सोडून टाकले होते. बाहेर अंगणात पहाटेपासून एक माणूस मान खाली घालून बसला होता, डोक्यावरून तलम विणीची चटई पांघरून. शेजारच्या गावातल्या एका घराण्याचा तो प्रमुख. त्याच्या घरातल्या पोराने दारू पिऊन ट्रक हाणला आणि पेनिआमिनाचा धाकटा भाऊ जागीच गेला.

तिकडची रीत अशी. ज्यांचं माणूस गेलं त्यांनी येऊन चटई उचलली, तर माफी झाली. नाही उचलली, तर खाली बसलेल्याने मान वर करायची नाही. मग दगड येवोत, नाहीतर कोयता.

पेनिआमिना घरचा कर्ता. चटई उचलायची की नाही, ते त्यानेच ठरवायचं होतं. आणि त्याच्या हातात कोयता होता.

तो फुइमाओनोंचा सर्वांत हुशार शिष्य. घराण्याच्या वतीने सभेत बोलायचं काम म्हाताऱ्यांचं; ते कसं करावं, हे तो त्यांच्याकडूनच शिकलेला. हुशार माणसाचा राग फार वाईट. त्याला मुद्दे सुचतात.

“ज्याने मारलं तो कोठडीत सावलीला बसलाय, आणि हा निर्दोष म्हातारा उन्हात! हा कुठला न्याय, आजोबा? नाटकं आहेत सगळी. मी विचारलं त्याला, तुझा काय संबंध? तर म्हणतो, ‘पोरगा आमचा आहे.’ आमचा आहे म्हणे! लाज नाही वाटत?”

त्याने कोयता पडद्याकडे रोखला.

“तुम्ही बाहेर जा आणि आपल्या घरातर्फे सांगून टाका, चटई उचलणार नाही. नाहीतर मी जातो, हा कोयता घेऊन.”

फुइमाओनोंनी हातातली माशा हाकलायची कुंचली मांडीवर ठेवली.

“ट्रकखाली तू होतास?”

“काय?”

“तुला कुठे लागलं का?”

“आजोबा, थट्टा करताय?”

“दाखव ना, कुठे लागलंय.” आता म्हाताऱ्याचाही आवाज चढला. “अंगावर साधा ओरखडा नाही, आणि सकाळपासून घर डोक्यावर घेतलंयस! तुझा काय संबंध?”

पेनिआमिनाचा संताप अनावर झाला. ज्याच्या पायाशी बसून तो बोलायला शिकला, त्या माणसाने हे विचारावं! तेही भावाची माती अजून ओली असताना!

“माझा काय संबंध?” तो किंचाळला. “पोरगा आमचा होता!”



बाहेर चटई किंचित हलली. झावळ्यांच्या पडद्यातून सगळं ऐकू जातं.

पेनिआमिना तसाच उभा राहिला. तोंड उघडं, पण पुढचा मुद्दा काही सुचेना.

फुइमाओनो गुडघ्यांवर हात टेकून उठले. दोरी ओढून त्यांनी समोरचा पडदा वर केला. ऊन सरळ आत आलं.

“कोयता खाली ठेव,” ते म्हणाले. “चटई उचलायला दोन्ही हात लागतात.”